आधी शट डाऊन, मग शटर डाऊन!

शनिवारी रात्री बडनेऱ्यात जुन्या वस्तीपासून नव्या वस्तीपर्यंत शटरं धडाधड खाली येतात. एक कुलूप, त्यावर दुसरं कुलूप, देवाला नमस्कार आणि चला घरी! आत मात्र काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरूच. राउटरचा दिवा लुकलुकतोय. आणि टॅलीचा पासवर्ड? तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलाय!

माहीत आहे का, हॅकर मंडळींचा फेव्हरेट वार कोणता? शनिवार! आणि पाठोपाठ रविवार. पटत नाही? काढा मग कॅलेंडर.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार, पुणे. १९०६ पासून चालत आलेली कॉसमॉस सहकारी बँक. दुपारी देशोदेशीची एटीएम मशीन अचानक नोटा ओकू लागली. किती देशांत? २८! क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसं ठिकठिकाणी आधीच सज्ज होती. काही तासांत १२ हजारांच्या आसपास व्यवहार झाले आणि सुमारे ७८ कोटी रुपये उडाले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, त्यातले काही थेट कोल्हापुरातून. रविवार सुट्टीत गेला. सोमवारी, १३ तारखेला, चोर परत हजर! या वेळी त्यांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात ढकलले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

आता यातली करामत ऐका. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेच्या यंत्रणेला विचारतं, ‘खात्यात पैसे आहेत का? देऊ का?’ चोरांनी मधल्या वाटेवर आपला नकली स्विच बसवला. प्रश्न निघायचा बँकेसाठी आणि उत्तर द्यायचा चोर, ‘हो हो, द्या!’ बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. म्हणून ग्राहकांची खाती जशीच्या तशी राहिली आणि खड्डा पडला तो बँकेच्या स्वतःच्या पैशात. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

पुढचं पान उलटा. २१ मार्च २०२१, वार रविवार, वेळ पहाटे अडीचच्या आसपास. या वेळी निशाण्यावर कोण? आपली एमआयडीसी! ‘सिनॅक’ नावाचं रॅन्समवेअर सर्व्हरमध्ये घुसलं. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फायलींना टाळं ठोकायचं आणि किल्लीसाठी तुमच्याकडेच खंडणी मागायची. मुंबईचं मुख्यालय आणि राज्यभरातली प्रादेशिक कार्यालयं यांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या पेपरांत झळकल्या. नांदगाव पेठच्या टेक्स्टाइल पार्कपासून अकोल्याच्या डाळ मिलपर्यंत ज्यांचा भूखंड, पाणी, परवानगी एमआयडीसीच्या हातात, त्या सगळ्यांचं हे घर. ज्या संस्थेच्या वसाहतींत अख्खा महाराष्ट्र कारखाने चालवतो, तिथेच पहाटे ही पाहुणी मंडळी शिरली!

आणि सुट्ट्यांच्या कारस्थानाचं वर्ल्ड रेकॉर्ड? ते बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावावर. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. बांगलादेशात शुक्रवारी सुट्टी. पैसे न्यूयॉर्कमध्ये, तिथे शनिवार-रविवार सुट्टी. पैसे निघाले फिलिपिन्सला, तिथे सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एकाला जाग येईपर्यंत दुसरा झोपलेला! चोरांनी मागितले जवळपास ९५ कोटी डॉलर आणि हाती लागले ८ कोटी १० लाख.

उरलेले कसे वाचले, माहीत आहे का? काही अंशी एका स्पेलिंगमुळे! श्रीलंकेला जाणाऱ्या २ कोटी डॉलरच्या आदेशात ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फंडेशन’ असं काहीतरी टाइप झालं होतं. वाटेतल्या बँकेत कुणाच्या तरी नजरेला ते खटकलं, त्याने विचारणा केली आणि व्यवहार थांबला. शाळेत स्पेलिंगसाठी छड्या मारणाऱ्या समस्त सरांना आज सलाम!

अजून एक. त्या बँकेत प्रत्येक व्यवहाराची छापील नोंद देणारा प्रिंटर होता. तो नेमका तेव्हाच बंद पडला. कर्मचाऱ्यांना वाटलं, रोजचंच दुखणं. प्रत्यक्षात तो हॅकरनीच झोपवला होता. तेव्हा भौ, ऑफिसातला प्रिंटर, कॅमेरा किंवा इंटरनेट नेमकं सुट्टीच्या तोंडावर रुसलं, तर ‘सोमवारी पाहू’ म्हणू नका. त्याच रात्री कुणाला तरी पाहायला बोलवा.

वीकेंडच का, याचं उत्तर साधं आहे. अलार्म वाजला तरी ऐकायला कुणी नाही, फोन लावला तरी उचलायला कुणी नाही. चोराला दोन दिवस मोकळं रान. पोळा, दिवाळी, लग्नसराईतही हेच. म्हणून शनिवारचा नवा नियम लिहून घ्या. आधी शट डाऊन, मग शटर डाऊन!

‘आपल्याला कोण हॅक करते, बाप्पा?’

हा वऱ्हाडातला पेटंट डायलॉग. मुंबईहून नागपूरला जाणारी मेन लाइन बडनेरा जंक्शनवरून जाते, अमरावतीचा फाटा इथूनच फुटतो. मालाला, माणसांना बडनेरा गाठायला आधी गाडी पकडावी लागते. हॅकरला तिकीट लागत नाही! त्याचा प्रोग्रॅम जगभरातल्या इंटरनेटचे दरवाजे एकामागून एक ठोठावत जातो. दरवाजा मुंबईच्या टॉवरचा आहे की बडनेऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा, हे तो बघत नाही. कडी सैल दिसली की आत!

जुलै २०२४ आठवतोय? देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अचानक थांबले. सहकारी बँका, ग्रामीण बँका, म्हणजे गावाकडच्या माणसाच्याच बँका. गंमत पाहा, हल्ला यातल्या एकाही बँकेवर थेट झाला नव्हता. त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला रॅन्समवेअरचा फटका बसला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिचा संपर्क तोडला. एका दाराला धक्का आणि ३०० घरांत अंधार! १ ऑगस्टपर्यंत सगळं पुन्हा जोडलं गेलं हे नशीब.

आता उलटी दिशा. छोट्याच्या दारातून मोठ्याच्या घरात! अमेरिकेतली ‘टार्गेट’ ही बलाढ्य दुकानांची साखळी. २०१३ मध्ये तिथून ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले कुठून, माहीत आहे का? एसी आणि फ्रिजची कामं करणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून! नावच ‘टार्गेट’, पण नेम धरला तो एसीवाल्यावर. म्हणजे तुम्ही बडनेऱ्यात बसून नांदगाव पेठच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग, पॅकिंग किंवा मजूर पुरवत असाल, तर हॅकरच्या लेखी तुम्ही छोटे नाहीच. तुम्ही त्या कारखान्याचा मागचा दरवाजा आहात.

विदर्भातलंच उदाहरण हवं? जानेवारी २०२३, नागपूर. स्फोटकं बनवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजमध्ये ‘ब्लॅककॅट’ टोळी घुसली आणि २ टेराबाइट डेटा उचलल्याचा दावा तिने केला. प्रकरण सीबीआयपर्यंत पोचलं. संरक्षण खात्याला माल पुरवणारी कंपनी आणि वाट अडवली काळ्या मांजरीने!

आणि यवतमाळचं शेंदुरसनी? आर्णी तालुक्यातलं दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव. २०२५ मध्ये उघड झालं की ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनवरून तीनेक महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्म नोंदवले गेलेत. बारशाला घुगऱ्या पुरल्या नसत्या! हसण्यावारी नेण्यासारखं मात्र हे नाही. एक लॉगिन परक्याच्या हाती गेलं की कागदोपत्री अख्खी लोकसंख्या उभी राहते. तिथे तुमच्या जीएसटी पोर्टलच्या लॉगिनवर खोटी बिलं उभी करणं कितीसं अवघड? सीए, टॅक्सवाले, सेतू केंद्रवाले, तुमच्या डायरीत शंभर गिऱ्हाइकांचे पासवर्ड असतात ना? ती डायरी तिजोरीत ठेवा!

ट्रान्सपोर्टवाल्यांनो, जरा थांबून हा किस्सा वाचा. ब्रिटनमध्ये केएनपी नावाचा वाहतूक समूह होता. मूळ धंदा १८६५ चा, घोडागाडीच्या काळातला. ताफ्यात सुमारे ५०० ट्रक, पदरी ७०० माणसं. २०२३ मध्ये ‘अकिरा’ टोळीने त्यांच्या सगळ्या फायलींना टाळं ठोकलं. कोणाचा माल कुठे, कोणाचं भाडं किती, काहीच कळेना. १५८ वर्षांची कंपनी बसली ती बसलीच. सुरुवात कुठून झाली? एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड चोरांनी ओळखला, असं मानलं जातं. तो पासवर्ड तुझा होता, हे कंपनीच्या संचालकांनी त्या माणसाला कधीच सांगितलं नाही. दोन महायुद्धं पाहिलेला धंदा एका पासवर्डने गेला, हे वाचून माझ्या तर अंगावर काटा येतो.

पासवर्ड पुराण, अध्याय पहिला

जगातली पहिली पासवर्डचोरी कधी झाली, माहीत आहे का? १९६२! अमेरिकेतल्या एमआयटीत एक मोठा कॉम्प्युटर अनेकजण मिळून वापरायचे आणि प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला. ॲलन शेर या संशोधकाला वेळ पुरेना. त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम उरकलं. पासवर्डचा शोध लागून फार दिवसही झाले नव्हते, भौ!

पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच, दर काही महिन्यांनी बदलायलाही हवा. हा छळ कुणी सुरू केला? बिल बर नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याने, २००३ मध्ये. आणि २०१७ मध्ये निवृत्तीनंतर त्याने स्वतःच सांगून टाकलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो! लोक काय करतात? शेवटचा १ काढून २ लावतात, झाला नवा पासवर्ड. आता त्याच्याच जुन्या संस्थेचा सल्ला आहे की पासवर्ड लांब ठेवा, उगाच बदलायला लावू नका. मग वऱ्हाडी पासवर्ड बनवा की! एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग जोडा. ठेचा, जंक्शन, सरकी, मामा, विहीर. सायबेरियातल्या हॅकरला हे सुचायला जन्म जाईल. (छापून आलेला हाच मात्र वापरू नका हं!)

आणि जगातला सर्वाधिक लोकप्रिय पासवर्ड? वर्षानुवर्षं यादीच्या टोकाला बसलेला ‘१२३४५६’! दुसरी-तिसरीतला पोरगाही उघडेल.

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागल्या. कारण? कोलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्याचा पासवर्ड चोरांना मिळाला. त्या खात्याला ओटीपीची दुसरी कडी नव्हती. कंपनीने ४४ लाख डॉलर मोजले. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचा लॉगिन तुमच्याकडे अजून चालू आहे का? आजच बंद करा. ईमेल, बँक, टॅली, सगळीकडून.

‘साहेबांचा व्हॉट्सॲप आलाय!’

सप्टेंबर २०२२. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, लशींच्या डोसांच्या संख्येत जगात अव्वल. कंपनीच्या एका संचालकाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. पाठवणारा म्हणे खुद्द कंपनीचे सीईओ अदर पूनावाला. ‘या खात्यांवर लगेच पैसे टाका.’ टाकले! १ कोटी १ लाख रुपये. नंतर कळलं की साहेबांनी मेसेज पाठवलाच नव्हता. जगाला लस टोचणारी कंपनी आणि तिलाच टोचून गेला एक मेसेज.

ते तरी कोटीचंच. गुगल आणि फेसबुक यांना एकाच माणसाने किती गंडवलं, माहीत आहे का? १० कोटी डॉलरहून जास्त! लिथुआनियाचा एव्हाल्दास रिमासॉस्कस. त्याने एका खऱ्या तैवानी पुरवठादाराच्या नावाची कंपनी काढली आणि खोटी बिलं पाठवत राहिला. २०१३ ते २०१५, दोन्ही कंपन्या इमानेइतबारे पैसे भरत होत्या. हॅकिंग नाही, व्हायरस नाही, नुसती बिलं! २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

२०२४ मध्ये तर हद्द झाली. हाँगकाँगमध्ये ‘अरुप’ या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपल्या वरिष्ठांना डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं आणि १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे सगळे चेहरे नकली. एआयने बनवलेले!

आता हीच युक्ती आपल्याकडे कशी दिसते? सीझन ऐन भरात आहे. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग, गाठी भरून निघाल्यात, सरकीचा सौदा ठरलाय. तेवढ्यात नेहमीच्या पार्टीच्या नावाने ईमेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट या नव्या खात्यावर करा.’ लोगो तोच, सहीची पद्धत तीच, पत्त्यात फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. बिझीलँड-सिटीलँडच्या कापड व्यापाऱ्यांकडे सुरतेचं बिल असंच येऊ शकतं. यावर लाखमोलाचा उपाय फुकट आहे. फोन उचला आणि तुमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर लावा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तिथे चोरच ‘हॅलो’ म्हणेल! खातं बदललं म्हटलं की फोन, रक्कम मोठी म्हटलं की दोघांची संमती. मालकाचा मुलगा असो की मालक स्वतः, कुणालाही सूट नाही. वऱ्हाडी माणूस तसाही फोनवर दोन मिनिटं जास्तच बोलतो, कामी येईल.

क्यूआर कोडवाल्यांनो, तुमच्यासाठीही खास! जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत चोरांनी रातोरात दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर आपले कोड चिकटवले. सकाळी गिऱ्हाईक स्कॅन करतंय, पैसे कापले जातायत आणि दुकानदाराच्या खात्यात ठणठणगोपाळ. नाव भलतंच दिसतंय हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, तेव्हा भांडं फुटलं. रोज सकाळी अगरबत्ती लावली की आपल्याच मोबाइलवरून एक रुपया स्कॅन करून पाहा. आणि बोर्ड रात्री आत!

विचित्र पण सत्य

माशांच्या टाकीतून कॅसिनो लुटला! २०१७ मध्ये डार्कट्रेस कंपनीने सांगितलेली ही घटना. उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोच्या ॲक्वेरियमला इंटरनेटवर चालणारा थर्मामीटर होता. हॅकर त्यातून शिरले आणि डेटा घेऊन बाहेर पडले. मासे बिचारे पाहत राहिले. तुमच्या दुकानातला सीसीटीव्हीही इंटरनेटवरच आहे ना? त्याचा कंपनीहून आलेला ‘ॲडमिन-ॲडमिन’ पासवर्ड बदललाय का?

रस्त्यात पेनड्राइव्ह सापडला तर? इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅम्पसवर मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून ठेवले. निम्म्याच्या आसपास लोकांनी ते उचलून कॉम्प्युटरला लावले आणि फायली उघडल्या. पहिला तर सहा मिनिटांच्या आतच! सापडलेला पेनड्राइव्ह लावायचा नाही. लग्नाचे फोटो असतील, असू देत.

पहिलं रॅन्समवेअर टपालाने आलं होतं! १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या माणसाने सुमारे २० हजार फ्लॉपी पोस्टाने पाठवल्या. कॉम्प्युटर अडला की १८९ डॉलर पनामाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा, असा हुकूम. खंडणीसुद्धा ‘बाय पोस्ट’!

आणि पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’? तो १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आत स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर छापून! जगभरातून फोन आले तेव्हा दोघे चाट पडले.

सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर कंपनीच्या लॉबीत लाव्हा लॅम्पची भिंत आहे, सुमारे १०० दिवे. त्यातल्या रंगीत बुडबुड्यांवर कॅमेरा रोखलेला. बुडबुडे कसे फिरतील हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्यातून गुप्त किल्ल्या बनवायला मदत घेतात. डेकोरेशनचं डेकोरेशन, सिक्युरिटीची सिक्युरिटी!

१० डॉलर ६९ सेंट. एवढ्यात जग वाचलं होतं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा रॅन्समवेअर व्हायरस दीडशे देशांत धुमाकूळ घालत होता. मार्कस हचिन्स या तरुणाला त्याच्या कोडमध्ये एक विचित्र वेबपत्ता दिसला, त्याने तो विकत घेतला आणि व्हायरसचा ब्रेक दाबला गेला. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरत होता, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलं होतं. ‘अपडेट नाऊ’चं बटण रोज ‘नंतर’वर ढकलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लाइट गेली म्हणून वाचलो!

लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाला ही गोष्ट आवडेल. २७ जून २०१७. ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला मर्स्क या अवाढव्य जहाज कंपनीवर कोसळला. तिचंच एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीत. तिथलं काम ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरमध्ये होता, ते सगळे एका झटक्यात पुसले गेले. सगळे? एक सोडून! आफ्रिकेत घानाच्या ऑफिसात नेमकी तेव्हा वीज गेली होती. तिथला सर्व्हर बंद होता, म्हणून वाचला. त्याच्यातला डेटा माणसांनी विमानाने लंडनकडे नेला. मग दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत.

यातली गोम कळली? ‘बंद होता म्हणून वाचला.’ जो बॅकअप कॉम्प्युटरला कायम जोडलेला असतो, त्यालाही रॅन्समवेअर टाळं लावतं. आपला शेतकरी विकायचा माल बाजारात नेतो, पण पेरणीचं बियाणं वेगळ्या कोठीत ठेवतो. डेटाचं बियाणं तसंच ठेवायचं. नियम आहे ३-२-१. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत दुकानाबाहेर, वेगळ्या छपराखाली. हा नियम कुणी रुळवला, माहीत आहे का? कुठल्या हॅकिंग एक्स्पर्टने नाही, पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने! लग्नाचे फोटो उडाले तर नवरी सोडेल का?

रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, काम झालं की वायर काढा, डिस्क घरी न्या. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडून पाहाच. उघडत नसेल तर तो बॅकअप कसला? ऐन हंगामात वजनकाट्याचा कॉम्प्युटर अडला, कुणाची गाडी किती क्विंटलची हे कळेना, तर शेतकऱ्यांचे चुकारे कसे करणार? दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये ही वेळ आली. केसपेपर हाताने लिहिण्यात सुमारे दोन आठवडे गेले. म्हणून कोरी पावतीबुकं आणि एक रोजमेळही कपाटात असू द्या.

हातावरून आठवलं! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. हल्ला नव्हताच, चूक होती. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले! बेलोऱ्याहून अमरावतीचं विमान उडू लागलं ते १६ एप्रिल २०२५ ला, त्यामुळे आपण त्या ऐतिहासिक बोर्डिंग पासला मुकलो.

कॅल्क्युलेटरवाला मराठी माणूस

या साऱ्या लढाईत आपला माणूस कुठे आहे? थेट मैदानात! सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीची नोकरी, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसनेच आजारी पडलेले दिसू लागले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, त्यावर औषध लिहिलं. त्याचंच पुढे ‘क्विक हील’ झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. रिपेअरिंगच्या टेबलावर जन्मलेला ब्रँड! बडनेऱ्यात मोबाइल रिपेअरिंग करणाऱ्या पोरांनो, ऐकताय ना? आणि प्रा. राम मेघे इंजिनिअरिंग कॉलेज तर बडनेऱ्याच्या हद्दीतच. तिथल्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट हवा असतो, व्यापाऱ्यांना तपासणी हवी असते. ही सोयरीक व्यापारी संघटनेने एकदा जुळवून द्यावीच, माझी मनापासून इच्छा आहे.

सरकारी औषधही आहे, तेही फुकट. सायबर स्वच्छता केंद्र, २०१७ पासून. कॉम्प्युटरमधली घाण काढणारी टूल्स त्याच्या वेबसाइटवर मिळतात.

घड्याळ लावा!

हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला किती वेळात कळवायचं? ६ तास! एप्रिल २०२२ मध्ये निघालेला हा आदेश कंपन्यांना बंधनकारक आहे. लाजेने दडपून ठेवायची सोय नाही. ग्राहकांची माहिती निष्काळजीपणाने सांडली तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा किती? २५० कोटी रुपये! लकी ड्रॉसाठी गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर गोळा करून मागच्या फळीवर फेकून देणाऱ्यांनी ती वही आधी शोधावी.

बँकेची खरी वेबसाइट ओळखायची नवी खूण माहीत आहे का? पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. शेपूट नाही, तर क्लिक नाही!

आणि तरीही पैसे गेलेच तर? २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर ठगांमुळे २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं सरकारने संसदेत सांगितलं. एकटे तुम्हीच फसलात असं मुळीच नाही, तेव्हा संकोच सोडा आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा. चोराचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पळत असतात. १९३० वर तक्रार गेली की साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि पैसा जिथे असेल तिथे गोठवायची धडपड सुरू होते. एटीएममधून नोटा निघाल्या की खेळ अवघड. म्हणून फोन आधी, नातेवाइकांशी चर्चा नंतर. हाताशी काय ठेवायचं? व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी), रक्कम, तारीख-वेळ, तुमची बँक आणि समोरच्याचा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर लेखी तक्रार आणि अमरावतीच्या सायबर पोलिस ठाण्यात चक्कर. शनिवार-रविवार असला तरी १९३० चालूच असतो!